'नंतर' म्हणजे कधी?

भारतीय कायद्यात तीन वाक्यांची एक गोष्ट आहे. 'क'वर जबर दुखापत केल्याचा खटला चालतो आणि तो दोषी ठरतो. ज्याला दुखापत झाली तो माणूस नंतर मरतो. 'क'वर सदोष मनुष्यवधाचा खटला पुन्हा चालवता येतो. संपली गोष्ट.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० खाली ही गोष्ट उदाहरण म्हणून छापलेली होती. त्याआधी १८९८च्या संहितेत, कलम ४०३ खाली, तीच होती. १ जुलै २०२४ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलमाचा नंबर ३३७ झाला, गोष्ट मात्र तशीच राहिली. सव्वाशे वर्षं छापली जाणारी, दोनदा नंबर बदललेली आणि कुणीही समीक्षा न केलेली गोष्ट. म्हणून म्हटलं आपण करू.

कायद्याला उदाहरणं जोडायची ही पद्धत आपल्याकडे मेकॉलेच्या भारतीय दंडविधानाच्या मसुद्यापासून रुळली. त्या उदाहरणांतल्या माणसांना नावं नसतात, फक्त अक्षरं असतात. वय, गाव, जात, आई-बाप काही नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला ही उदाहरणं टेस्ट केससारखी दिसतात. नियम लिहिला, आता त्यात हा इनपुट टाका, हे उत्तर यायला हवं. आणि कुठल्याही टेस्ट केसकडे बघताना मी पहिला प्रश्न विचारतो तोच इथे विचारतो: कुठल्या फील्डला मर्यादा घातलेली नाही?

उत्तर सोपं आहे. 'नंतर' या शब्दाला. तो माणूस नंतर मरतो. म्हणजे कधी? तेरा दिवसांनी? तीन वर्षांनी? की चाळीस वर्षांनी?

सिनेमानं शिकवलेला कायदा

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, या तत्त्वाला इंग्रजीत 'डबल जेपर्डी' म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांना तो शब्द माहीत आहे तो संविधानाच्या अनुच्छेद २०(२)मुळे नाही, तर १९९९च्या हॉलिवूडपटामुळे. ब्रूस बेरेसफर्ड दिग्दर्शक, अॅश्ली जड आणि टॉमी ली जोन्स मुख्य भूमिकांत. नवऱ्याच्या खुनाबद्दल बायको दोषी ठरते, तुरुंगात जाते आणि तिथून तिला कळतं की नवरा जिवंत आहे, मजेत आहे. तुरुंगातलीच एक माजी वकील बाई तिला समजावते की तुला त्याच्या खुनाची शिक्षा एकदा झालेली आहे, पुन्हा होऊ शकत नाही. सुटल्यावर भर चौकात त्याला गोळी घातलीस तरी कुणी काही करू शकणार नाही.

सिनेमा याच एका कल्पनेवर चालतो, आणि ती चूक आहे. अमेरिकेतही चूक आहे, इथेही. पहिला खटला एका विशिष्ट रात्री, एका विशिष्ट बोटीवर झालेल्या कथित खुनाचा होता. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या पिस्तुलानं केलेला खून हे वेगळं कृत्य आहे. बंदी एकाच गुन्ह्यावर आहे, एकाच माणसावर नाही. बिचाऱ्या नवऱ्याचं नाव दोन्ही फायलींवर सारखं असेल, एवढंच. सिनेमालाही हे आतून माहीत असावं, कारण शेवटी गोळी सुटते ती स्वतःला वाचवताना. म्हणजे ज्या युक्तिवादावर पावणेदोन तास काढले, त्याची परीक्षा घ्यायची वेळच येत नाही.

तरी तो सिनेमा मला टाकाऊ वाटत नाही. त्यानं एक खरी भावना पकडली आहे: निकाल लागला म्हणजे हिशेब मिटला. शिक्षा भोगली म्हणजे पावती मिळाली. तिकीट क्लोज झालं. आपण सगळेच निकालाकडे असं बघतो. म्हणून कलम ३००मधली ती गोष्ट पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो. ती सिनेमाची बरोबर उलटी बाजू आहे. सिनेमात मेलेला माणूस जिवंत निघतो. इथे जिवंत माणूस मरतो. आणि कायदा म्हणतो, तिकीट क्लोज असेल, पण ते त्या तिकिटापुरतं. हे नवीन आहे.

तीन अटी

उदाहरण ज्या पोटकलमाचं आहे ते नीट वाचलं तर त्यात तीन अटी दिसतात. पहिली: माणूस आधी दोषी ठरलेला हवा. दुसरी: त्याच्या कृत्यातून असा परिणाम घडला पाहिजे, की कृत्य आणि परिणाम मिळून वेगळाच गुन्हा तयार होतो. तिसरी: दोषी ठरवलं तेव्हा तो परिणाम घडलेला नव्हता, किंवा घडला होता पण कोर्टाला माहीत नव्हता.

पहिली अट वाचून मी थबकलो. पोटकलम फक्त दोषी ठरलेल्याबद्दल बोलतं. जो निर्दोष सुटला त्याच्यासाठी हा दरवाजा नाही. विचार केला तर हे नैतिकदृष्ट्या बरोबर आहे. कोर्टानं एकदा म्हटलं की 'तू मारलं नाहीस', तर जखमी माणूस पुढे मेला म्हणून 'तू मारलंस' हे सिद्ध होत नाही. पण दोषी ठरलेल्याच्या बाबतीत 'तू मारलंस' हे ठरलेलंच आहे. प्रश्न उरतो तो फक्त त्या मारण्यातून पुढे काय झालं याचा.

दुसरी अट म्हणजे या नियमाचा गाभा. मृत्यू नाही तोवर मनुष्यवध नाही. तो गुन्हा अस्तित्वातच नाही, मग त्याचा खटला आधी चालला असं कसं म्हणणार? हा युक्तिवाद एकट्या भारताचा नाही. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असताना तिथला एक माणूस मारहाणीबद्दल दोषी ठरला, त्यानंतर मार खाल्लेला माणूस मेला, आणि मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. डियाझ नावाचं हे प्रकरण १९१२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं म्हटलं की मृत्यू हा मनुष्यवधाचा मुख्य घटक आहे. पहिल्या खटल्याच्या वेळी तो घटकच नव्हता, म्हणून हा दुसरा खटला त्याच गुन्ह्याचा नाही.

तर्क स्वच्छ आहे. पण 'नंतर' किती लांब असू शकतं, हे त्या तर्कात कुठेच नाही.

एक वर्ष आणि एक दिवस

इंग्रजांच्या जुन्या कायद्यात याचं उत्तर होतं, आणि ते कॅलेंडरवर मोजता येईल इतकं ठोस होतं. जखम झाल्यापासून एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत माणूस मेला तरच तो मनुष्यवध. त्यानंतर मेला तर नाही. नियम क्रूर वाटतो, पण त्यामागे अज्ञानाची कबुली होती: इतक्या काळानंतर कोण कशानं मेलं हे वैद्यांना सांगता येत नाही, म्हणून विचारूच नका.

मग औषधं आली, व्हेंटिलेटर आले. ज्या जखमेनं माणूस आठवड्यात गेला असता तो आता वर्षानुवर्षं जगू लागला. आणि विचित्र परिस्थिती तयार झाली. डॉक्टरांनी जितकं चांगलं काम केलं तितका हल्लेखोर खुनाच्या आरोपापासून लांब गेला. इंग्लंडनं १९९६मध्ये कायदा करून तो नियम रद्द केला. पण रद्द करताना त्यांनी एक फाटक ठेवलं. जखम आणि मृत्यू यांत तीन वर्षांहून जास्त अंतर असेल, किंवा त्याच घटनेसाठी माणूस आधीच दोषी ठरलेला असेल, तर अॅटर्नी जनरलच्या संमतीशिवाय नवा खटला नाही.

आपल्या दंडविधानात एक वर्ष-एक दिवसाचा नियम कधी नव्हताच, आणि हे फाटकही नाही. गंमत म्हणजे त्याच कलम ३००च्या दुसऱ्या पोटकलमात, आधीच्याच खटल्यात लावता आला असता अशा वेगळ्या गुन्ह्यासाठी नंतर खटला भरायचा तर राज्य सरकारची संमती लागते. पुढच्याच पोटकलमात, मृत्यूनंतरच्या खटल्याला, अशी संमती लागत नाही. खुनासाठी मुदतीची मर्यादाही नाही. म्हणजे 'नंतर' हा शब्द आपल्याकडे दोन्ही बाजूंनी उघडा आहे.

उघडा असला की काय होतं, हे फिलाडेल्फियात दिसलं. १९६६मध्ये विल्यम बार्न्स नावाच्या माणसानं वॉल्टर बार्कले या तरुण पोलिसाला गोळी घातली. बार्कले कमरेखाली लुळा झाला. बार्न्स दोषी ठरला, वर्षानुवर्षं तुरुंगात राहिला. २००७मध्ये बार्कलेचा जंतुसंसर्गानं मृत्यू झाला. वैद्यकीय अधिकाऱ्यानं हा खून असल्याचं नोंदवलं आणि सत्तरी ओलांडलेल्या बार्न्सवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. ४१ वर्षांपूर्वीच्या गोळीबद्दल. २०१०मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. मधल्या काळात बार्कलेला झालेले दुसरे अपघात बचाव पक्षानं पुढे आणले होते. गोळीपासून संसर्गापर्यंतची साखळी कुठेही तुटलेली नाही, हे संशयापलीकडे सिद्ध होऊ शकलं नाही.

आणखी एक प्रकरण. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१मध्ये झालेल्या हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली. ते २०१४मध्ये वारले आणि वैद्यकीय अधिकाऱ्यानं तो मृत्यू मनुष्यवध ठरवला. पण हल्लेखोर जॉन हिंकली १९८२मध्येच मनोरुग्ण म्हणून निर्दोष ठरला होता, आणि १९८१मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक वर्ष-एक दिवसाचा नियम लागू होता. २०१५च्या जानेवारीत सरकारी वकिलांनी जाहीर केलं की नवा खटला नाही.

एकीकडे दरवाजा उघडा होता, पण पुरावा आत जाऊ शकला नाही. दुसरीकडे दरवाजाच बंद होता. आणि त्याच २०१५च्या मे महिन्यात हा प्रश्न मुंबईत आला.

अरुणा शानबाग यांची गोष्ट कुणी कशी सांगितली

२७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं हल्ला केला. कुत्र्याला बांधायची साखळी गळ्याभोवती आवळली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. तेव्हा त्या पंचविशीत होत्या, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या, लग्न ठरलेलं. १८ मे २०१५ला त्याच हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियानं त्यांचा मृत्यू झाला. सगळे '४२ वर्षं' म्हणतात. मोजली तर साडेएकेचाळीस.

हल्लेखोरावर जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न हे आरोप ठेवले गेले. दोन्हींसाठी सात-सात वर्षं, एकत्र भोगायची. लैंगिक अत्याचाराचा आरोप लावलाच नाही. अत्याचार ज्या प्रकारचा होता तो तेव्हाच्या बलात्काराच्या व्याख्येत बसत नव्हता. कलम ३७७ उपलब्ध होतं, तेही लावलं नाही. शिक्षा भोगून तो सुटला आणि निघून गेला.

या घटनेवर बरंच लिहिलं गेलं. हरकिसन मेहता यांची 'जड चेतन' ही गुजराती कादंबरी, दत्तकुमार देसाई यांचं 'कथा अरुणाची' हे मराठी नाटक, पिंकी विराणी यांचं १९९८चं इंग्रजी पुस्तक. पण माझ्या पिढीला, म्हणजे २०११ साली शाळेत असलेल्यांना, अरुणा शानबाग माहीत झाल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. विराणींनी त्यांच्या वतीनं याचिका केली होती. ७ मार्च २०११ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठानं ती फेटाळली, पण फेटाळताना निष्क्रिय दयामरणाची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर, मोकळी केली. आणि ज्यांनी इतकी वर्षं सांभाळलं त्या केईएमच्या लोकांनाच अरुणाचे खरे आप्त मानलं.

निकाल माणुसकीचा आहे, आणि केईएमच्या परिचारिकांच्या कित्येक तुकड्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण वाङ्मय म्हणून तो निकाल वाचला तर एक गोष्ट खटकते. तो सुरू होतो गालिबच्या एका शेरानं, मरणाची आस लागलेल्या आणि मरण न येणाऱ्या माणसाबद्दलच्या. पहिल्याच ओळीत गोष्टीचा नायक ठरून जातो: मृत्यू. अरुणाला मरण हवं होतं का, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्या शेरानं त्यांच्या तोंडी ती इच्छा घातली. त्यानंतर आपण सगळ्यांनी ही गोष्ट तशीच सांगितली. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत 'दयामरण: शाप की वरदान', यूपीएससीच्या नोट्समध्ये 'इच्छामरणाची केस', यूट्यूबवर 'भारतातलं पहिलं'. अरुणा शानबाग हे एका चर्चेचं नाव झालं. ज्या गुन्ह्यामुळे ती चर्चा सुरू झाली तो मागच्या पडद्यावर गेला, रंग उडालेल्या नेपथ्यासारखा.

मग २०१५चा मे आला आणि गुन्हा पुन्हा समोर आला. आता त्यांचा मृत्यू झाला आहे, मग हा खून आहे का? हल्लेखोर उत्तर प्रदेशातल्या एका गावात जिवंत असल्याचं पत्रकारांनी शोधून काढलं. फेसबुकवर दोन तट पडले. एक म्हणे, त्याला फासावर चढवा. दुसरा म्हणे, शिक्षा भोगली आहे, डबल जेपर्डी, आता काही करता येत नाही. दुसरा तट स्वतःला शहाणा समजत होता, पण तो सिनेमातल्या तुरुंगातल्या वकीलबाईंचाच कायदा सांगत होता. कलम ३००च्या तिन्ही अटी इथे जुळत होत्या. तो दोषी ठरला होता. मृत्यू हा नवा परिणाम होता. शिक्षेच्या वेळी तो घडलेला नव्हता. अगदी 'क'ची गोष्ट. दरवाजा उघडा होता.

पण खुनाचा खटला काही उभा राहिला नाही. आणि तो राहिला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बार्न्सच्या प्रकरणावरून करता येतो. साडेएकेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या ६६ वर्षांच्या बाईंचा न्यूमोनिया आणि १९७३ची साखळी यांना जोडणारा धागा वैद्यकीयदृष्ट्या समजण्यासारखा आहे. कोर्टात, संशयापलीकडे, तो सिद्ध करणं वेगळं. एका अर्थी अर्धं काम आधीच झालेलं होतं. खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवताना हेतू सिद्ध झाला होता. उरलेलं अर्धं मात्र चार दशकांच्या केसपेपरमधून शोधायचं होतं, आणि त्या केसपेपरमध्ये दिसली असती ती मुख्यतः उत्तम शुश्रूषा. ज्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षं जगवलं, त्यांची शुश्रूषाच बचाव पक्षाचा मुद्दा ठरली असती: बघा, त्या हल्ल्यानं त्या मेल्या नाहीत. दंडविधानातल्या कलम २९९चं एक स्पष्टीकरण सांगतं की योग्य उपचारांनी मृत्यू टळला असता, ही सबब चालत नाही. पण उपचारांनी मृत्यू चार दशकं लांबवला तर साखळी कुठवर धरायची, याचं उत्तर तेही देत नाही.

मृत्यूची वाट बघणारा कायदा

इथवर आल्यावर मला वाटायला लागलं की आपण चुकीच्या प्रश्नावर वेळ घालवतो आहोत. खुनाचा खटला व्हायला हवा होता की नको, हा प्रश्न २०१५चा. खरा प्रश्न १९७४चा आहे.

कोर्टानं सात वर्षं दिली तेव्हा अरुणा शानबाग यांची अवस्था सगळ्यांसमोर होती. त्या बोलत नव्हत्या, चालत नव्हत्या, पुन्हा नर्स होणार नव्हत्या, त्यांचं लग्न होणार नव्हतं. 'परिणाम' या शब्दाचा सामान्य माणूस जो अर्थ घेईल, तो परिणाम घडून गेलेला होता आणि कोर्टाला माहीतही होता. खुनाच्या प्रयत्नात इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद तेव्हाही होती. तरी सात वर्षं. कारण कायद्याच्या हिशेबात दोनच किमती होत्या: जिवंत किंवा मृत. आमच्या भाषेत सांगायचं तर बूलियन. ट्रू किंवा फॉल्स. अरुणा शानबाग जिवंत होत्या, म्हणून फॉल्स. त्या व्हेरिएबलची किंमत १८ मे २०१५ला बदलली आणि अचानक सगळ्यांना गुन्हा खुनाइतका मोठा दिसायला लागला. पण त्या दिवशी त्यांच्याकडून नेमकं काय हिरावलं गेलं, जे १९७३मध्ये गेलं नव्हतं?

म्हणून 'क'ची गोष्ट मला अपुरी वाटते. तिसऱ्या वाक्यातला निष्कर्ष बरोबरच आहे. दुसरं वाक्य घाईचं आहे. 'तो माणूस नंतर मरतो' असं म्हणताना कायदा मधला सगळा काळ ओलांडून थेट मृत्यूशी जाऊन उभा राहतो. मधल्या काळाची त्याला भाषाच नाही.

नव्हती, असं म्हणायला हवं. कारण २०१३मध्ये, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर फौजदारी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात ३७६-अ हे कलम नव्यानं लिहिलं गेलं. बलात्कार करताना केलेल्या इजेमुळे स्त्रीचा मृत्यू झाला, किंवा ती कायमस्वरूपी निश्चेष्ट अवस्थेत गेली, तर किमान वीस वर्षं, जन्मठेप किंवा मृत्युदंड. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ६६ आहे. त्यातला 'किंवा' मी कितीतरी वेळा वाचला. मृत्यू किंवा ती अवस्था, दोन्हींना एकच शिक्षा. इथे कायद्यानं मृत्यूची वाट बघणं थांबवलं. त्याच दुरुस्तीनं बलात्काराची व्याख्याही रुंदावली, म्हणजे १९७३चा तो अत्याचारही आज तिच्यात बसला असता. कलमात कुणाचं नाव नाही, नसतंच. पण तो 'किंवा' वाचून केईएममधली ती खोली आठवत नसेल असा मराठी वाचक विरळा.

अर्थात हे कलम अरुणा शानबाग यांच्या हल्लेखोराला कधीच लागू होऊ शकलं नसतं. नवीन शिक्षा जुन्या कृत्याला लावता येत नाही, हेही संविधानच सांगतं, आणि बरोबर सांगतं. कायदा चाळीस वर्षं उशिरा शहाणा झाला, याची किंमत मागे जाऊन वसूल करता येत नाही.

फाटक हवंच

मग तो उघडा दरवाजा बंद करावा का? नाही. जखमी माणूस खटल्यानंतर महिन्याभरात मेला आणि हल्लेखोर केवळ निकाल लवकर लागला म्हणून जबर दुखापतीच्या शिक्षेवर सुटला, तर तो न्याय नाही. दरवाजा हवा. पण त्याला फाटक हवं, आणि याचं कारण मला कुठल्या कायद्याच्या पुस्तकापेक्षा चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या सिनेमानं जास्त पटवलं.

'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असतो की त्यांचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली. खटला रखडतो, पोकळ निघतो, शाहिरांना जामीन मिळतो. आणि मग त्यांना पुन्हा अटक होते, वेगळ्या आरोपाखाली. तांत्रिकदृष्ट्या हे डबल जेपर्डी नाही. पण तो सिनेमा बघताना कळतं की हे तत्त्व का जन्माला आलं. सरकारकडे वेळ आहे, वकील आहेत, फायली आहेत. आरोपीकडे एकच आयुष्य आहे. नवीन आरोप शोधणं ज्याला परवडतं त्याच्या हातात 'नंतर' हा शब्द मोकळा देऊन चालत नाही. एखाद्या माणसानं शिक्षा भोगली, बाहेर आला, काम धरलं. आणि ज्याच्यावर त्यानं हल्ला केला होता तो आजारी पडला की याच्या पोटात गोळा येणार, जन्मभर. हल्लेखोराबद्दल सहानुभूती वाटत नसली तरी असा कायदा आपल्याला चालेल का, हे विचारायला हवं. कारण कायद्यातला 'क' उद्या कोण असेल हे माहीत नसतं. म्हणूनच तर त्याला नाव नाही.

इंग्लंडनं १९९६मध्ये जे केलं ते जवळपास पुरेसं आहे. ठरावीक काळ उलटला असेल किंवा आधी शिक्षा झालेली असेल, तर नव्या खटल्याआधी कुणीतरी वरिष्ठ, उत्तरदायी माणसानं सही करावी. माझ्या मते ही सही सरकारची नको, उच्च न्यायालयाची हवी. सरकारला जनक्षोभ ऐकू येतो, पुरावा ऐकू येतोच असं नाही. आणि आधी भोगलेल्या वर्षांचं नव्या शिक्षेत काय करायचं, याबद्दल कलम एक शब्दही बोलत नाही. तो बोलावा. २०२३मध्ये तिन्ही फौजदारी कायदे नव्यानं लिहिले गेले तेव्हा हे करता आलं असतं. नंबर बदलला, गोष्ट तीच ठेवली.

पण फाटक झालं तरी पहिलं काम ते नाही. पहिलं काम पहिल्याच खटल्यात आहे: समोर जे घडलं आहे त्याचा संपूर्ण आरोप लावणं, लाज किंवा संकोच म्हणून कुठलाही गुन्हा गाळून न टाकणं, आणि जिवंत माणसाचं गेलेलं आयुष्य शिक्षेत मोजणं. ते १९७४मध्ये झालं असतं, तर २०१५मध्ये खुनाच्या खटल्याची गरज इतक्या तीव्रतेनं कुणाला वाटलीच नसती. मृत्यूनंतर जागा झालेला आपला राग हा बराचसा पहिल्या निकालावरचा राग होता.

अरुणा शानबाग यांच्यावर पुढेही लिहिलं जाईल, वेब सीरीजही येईल कदाचित. ती लिहिणाऱ्याकडे एकच मागणं आहे. सुरुवात २०११च्या दिल्लीतून करू नका, गालिबपासून तर नकोच. १९७४च्या त्या कोर्टरूममधून करा. आरोपपत्र वाचलं जातं आहे. त्यात काय लिहिलं आहे ते दाखवा, आणि त्याहून जास्त, काय लिहिलेलं नाही ते.